तुमच्या मोबाईलवर मराठी उमटते ती कशी? साठ वर्षे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या केन थॉम्पसन यांची गोष्ट

ही बातमी तुम्ही बहुतेक मोबाईलवर वाचत असाल. मोबाईल अँड्रॉइडचा असो नाहीतर आयफोन, त्याच्या पोटात काम करणारी पद्धत १९६९ साली अमेरिकेतल्या एका तरुणाने तीन आठवड्यांत बसवलेल्या प्रणालीच्या वळणाने चालते. पडद्यावर दिसणारी मराठी अक्षरं ज्या नियमाने साठवली जातात, तो नियमही त्याच माणसाने १९९२ साली एका हॉटेलात जेवताना मांडला. त्यांचं नाव केन थॉम्पसन.

बिल गेट्स, स्टीव्ह जॉब्स ही नावं गावोगाव माहीत आहेत. थॉम्पसन यांचं नाव मात्र कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरांनाही अनेकदा ठाऊक नसतं. त्यांनी मोठी कंपनी काढली नाही, की ते कुठल्या कंपनीचे साहेब झाले नाहीत. शेवटपर्यंत ते प्रोग्रॅम लिहिणारेच राहिले. बारावीनंतर 'कॉम्प्युटरला घालायचं का?' हा प्रश्न सध्या घराघरात आहे. त्यात आता 'एआय आल्यावर या कामाचं काय होणार?' ही भर पडली आहे. अशा वेळी हे काम एखादा माणूस आयुष्यभर आवडीने कसं करतो आणि त्यातून काय उभं राहतं, हे पाहण्यासारखं आहे.

कोण आहेत केन थॉम्पसन?

थॉम्पसन यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९४३ रोजी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात झाला. वडील नौदलात, त्यामुळे बदल्यांमागे बिऱ्हाड फिरत राहायचं. लहानपणापासून इलेक्ट्रॉनिक्सचा नाद होता. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या शाखेत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. १९६५ मध्ये पदवी आणि १९६६ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळाली.

त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर पसरलेलं यंत्र. शेकडो लोकांमध्ये एक. विद्यापीठाचं मुख्य यंत्र मध्यरात्री बंद व्हायचं. थॉम्पसन यांच्याकडे केंद्राची किल्ली होती. सगळे गेले की ते जाऊन यंत्र सुरू करायचे आणि सकाळी आठपर्यंत ते जणू त्यांच्या एकट्याचं असायचं. हे कुठल्या परीक्षेसाठी नव्हतं. कॉम्प्युटरचा आजच्यासारखा अभ्यासक्रमच तेव्हा नव्हता. जे काही शिकले ते स्वतः करून, चुका काढून.

नोकरीचीही त्यांना घाई नव्हती. बेल लॅब्स ही टेलिफोन कंपनी एटी अँड टीची संशोधन संस्था. ट्रान्झिस्टरचा शोध इथलाच. तिथला माणूस भरतीसाठी आला तेव्हा थॉम्पसन यांनी मुलाखतीची वेळ चुकवली, शेवटी तोच घरी येऊन भेटला. संस्थेच्या खर्चाने पूर्व किनाऱ्यावरच्या मित्रांना भेटता येईल, एवढ्या विचाराने ते न्यू जर्सीला गेले. तिथे गेल्यावर मात्र खोल्यांच्या दारांवरच्या पाट्या वाचत चालताना लक्षात आलं, की ज्यांचे लेख आपण वाचले ती सगळी माणसं इथे बसतात. १९६६ मध्ये ते रुजू झाले आणि पुढची ३४ वर्षं तिथेच राहिले.

युनिक्स म्हणजे नेमकं काय?

कॉम्प्युटर किंवा मोबाईल सुरू केला की ॲप चालवणं, फाईल जपून ठेवणं, मेमरी वाटून देणं, कीबोर्ड आणि पडदा सांभाळणं, ही कामं एक मुख्य प्रोग्रॅम करतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. बाजार समितीत जसं कुणाचा माल कुठल्या गाळ्यावर, काटा कधी, लिलाव कधी, हे ठरवणारं कुणीतरी लागतं, तसंच हे.

थॉम्पसन रुजू झाले तेव्हा बेल लॅब्स, एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक मिळून 'मल्टिक्स' नावाची एक भली मोठी ऑपरेटिंग सिस्टिम बनवत होते. काम लांबत गेलं, खर्च वाढत गेला. १९६९ मध्ये बेल लॅब्सने त्यातून अंग काढून घेतलं. थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी रिकामे झाले, पण चांगल्या यंत्रावर काम करायची सवय लागलेली. नवीन यंत्र मागितलं तर व्यवस्थापनाने नकार दिला. ऑपरेटिंग सिस्टिम या शब्दाचाच साहेबांनी धसका घेतलेला.

थॉम्पसन यांनी तेव्हा 'स्पेस ट्रॅव्हल' नावाचा एक खेळ लिहिला होता. सूर्यमालेतून यान चालवायचं आणि ग्रहांवर उतरवायचं. मोठ्या यंत्रावर तो एकदा खेळला की कागदोपत्री ५० ते ७५ डॉलरचा खर्च लागायचा. शोध घेतल्यावर एका कोपऱ्यात पीडीपी-७ नावाचं, फारसं कुणी न वापरणारं जुनं यंत्र सापडलं. त्यावर खेळ बसवता बसवता त्यांनी फाईली ठेवायची एक पद्धत तयार केली.

मग त्या उन्हाळ्यात पत्नी तान्ह्या मुलाला घेऊन तीन आठवडे नातेवाइकांकडे कॅलिफोर्नियाला गेली. थॉम्पसन यांनी हिशेब केला की पूर्ण सिस्टिमला तीन गोष्टी कमी आहेत. मजकूर लिहायला एडिटर, प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणायला असेंबलर आणि सगळ्याला बांधून ठेवणारा गाभा. एकेकाला एक आठवडा दिला. तीन आठवड्यांत सिस्टिम उभी राहिली. तेव्हा त्यांचं वय होतं २६. सहकारी ब्रायन कर्निघन यांनी 'मल्टिक्स'ची गंमत म्हणून तिला नाव सुचवलं. तेच पुढे 'युनिक्स' झालं.

त्या पीडीपी-७ची मेमरी आजच्या मापात मोजली तर जेमतेम १८ किलोबाइट भरते. व्हॉट्सॲपवर सकाळी येणारा 'शुभ सकाळ'चा एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. एवढ्याशा जागेत संपूर्ण सिस्टिम बसवायची म्हटल्यावर फापटपसारा ठेवायला वावच नव्हता. युनिक्सचा सुटसुटीतपणा बऱ्याच अंशी या अडचणीतून आला.

पेटंट विभागाच्या निमित्ताने मिळालं नवं यंत्र

ऑपरेटिंग सिस्टिमसाठी यंत्र मिळेना, तेव्हा या मंडळींनी वेगळी वाट काढली. बेल लॅब्सच्या पेटंट विभागाला अर्ज टाइप करून नीट मांडणीत छापायचे असत. 'आम्ही तुम्हाला मजकूर तयार करणारी व्यवस्था देतो' असं सांगून १९७० मध्ये पीडीपी-११ हे नवीन यंत्र मिळवलं. पेटंट विभागाचं काम झालं आणि युनिक्सला पहिलं गिऱ्हाईकही मिळालं. नोव्हेंबर १९७१ मध्ये युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका निघाली.

थॉम्पसन यांचे जोडीदार होते डेनिस रिची. थॉम्पसन यांनी 'बी' नावाची प्रोग्रॅमिंग भाषा बनवली. तिच्यावरून रिची यांनी 'सी' ही भाषा तयार केली. आपल्याकडे डिप्लोमाला आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला पोरं शिकतात, तीच ही 'सी'. १९७३ मध्ये युनिक्स 'सी'मध्ये नव्याने लिहिलं गेलं. त्याआधी ऑपरेटिंग सिस्टिम एका ठरावीक यंत्रासाठीच बनायची; यंत्र बदललं की सगळं मुळापासून लिहायचं. 'सी'मुळे तीच सिस्टिम दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर नेणं शक्य झालं.

दोघांचं जमायचं कसं, याचा एक किस्सा थॉम्पसन यांनी स्वतः एका भाषणात सांगितला आहे. दहा वर्षांच्या एकत्र कामात एकदाच ताळमेळ चुकला. दोघांनीही तोच वीस ओळींचा प्रोग्रॅम वेगवेगळा लिहिला. नंतर दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, तर अक्षरन् अक्षर सारखं निघालं.

छोटी अवजारं, एकमेकांना जोडलेली

युनिक्सची खरी ओळख आहे तिच्या काम करण्याच्या रीतीत. एक प्रोग्रॅम एकच काम करेल, पण ते चोख करेल. मोठं काम करायचं असेल तर छोटे प्रोग्रॅम एकापुढे एक जोडायचे. या जोडणीला 'पाइप' म्हणतात. कल्पना डग मॅकिलरॉय या सहकाऱ्याची. ते बरीच वर्षं तिच्या मागे लागले होते. १९७३ मध्ये थॉम्पसन यांनी ती एका रात्रीत सिस्टिममध्ये बसवली.

दूध संकलन केंद्राचं उदाहरण घेऊ. रोजच्या नोंदींची एक फाईल आहे. सभासदाचं नाव, गाव, लिटर, फॅट. आपल्याला एकाच गावातल्या सभासदांची यादी हवी, तीही जास्त दुधापासून कमी दुधापर्यंत, आणि त्यातली पहिली दहा नावं. एक प्रोग्रॅम गावाच्या नावाच्या ओळी निवडतो, दुसरा त्या लिटरप्रमाणे लावतो, तिसरा वरच्या दहा काढून देतो. तिघांपैकी एकालाही दुधाबद्दल काही माहीत नाही. तेच प्रोग्रॅम उद्या ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या यादीवरही चालतील. पाइपातून पाणी पुढे जावं तशी माहिती एकातून दुसऱ्यात जाते.

यातला ओळी निवडणारा प्रोग्रॅम म्हणजे 'ग्रेप'. तोही थॉम्पसन यांचाच. मजकुरात ठरावीक नमुना कसा शोधायचा यावर त्यांनी १९६८ मध्येच शोधलेख लिहिला होता. हजारो पानांत हवा तो शब्द क्षणात सापडण्यामागे ही विद्या आहे. जगभरातले प्रोग्रॅमर आजही रोज 'ग्रेप' वापरतात.

मग ते आपल्या मोबाईलपर्यंत कसं आलं?

एटी अँड टीवर १९५६ च्या एका कायदेशीर समझोत्याचं बंधन होतं. टेलिफोन सोडून दुसऱ्या धंद्यात त्यांना उतरता येत नव्हतं. त्यामुळे युनिक्स बाजारात विकायला मांडण्याऐवजी विद्यापीठांना अगदी कमी पैशांत, मूळ कोडसकट दिलं गेलं. विद्यार्थ्यांनी ते उघडून वाचलं, त्यात दुरुस्त्या केल्या, भर घातली.

१९७५-७६ मध्ये थॉम्पसन रजा घेऊन वर्षभर शिकवायला आपल्या जुन्या बर्कलीला गेले आणि तिथे युनिक्स रुजलं. बर्कलीच्या पोरांनी तयार केलेली 'बीएसडी' ही आवृत्ती पुढे नावाजली. ॲपलच्या कॉम्प्युटर आणि आयफोनच्या सिस्टिममध्ये तिचा अंश आहे. दुसऱ्या बाजूला १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने युनिक्सच्याच धर्तीवर, पण स्वतःचा कोड लिहून 'लिनक्स' सुरू केलं. अँड्रॉइडचा गाभा म्हणजे लिनक्स. इंटरनेटवरचे बहुतेक मोठे सर्व्हरही लिनक्सवर चालतात.

युनिक्सची एक खूण कधी कधी समोर दिसते. मोबाईलची किंवा एखाद्या ॲपची तारीख बिघडली की अचानक '१ जानेवारी १९७०' दिसतं. युनिक्समध्ये वेळ त्या दिवसापासूनच्या सेकंदांत मोजतात. आकडा शून्य झाला की तारीख तिथे जाऊन बसते. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच दाखवले जातात, कारण भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे.

मराठी अक्षरांशी काय संबंध?

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी डीटीपीच्या दुकानात काम केलेल्यांना हा त्रास चांगला आठवत असेल. एका कॉम्प्युटरवर टाइप केलेला मराठी मजकूर दुसऱ्यावर उघडला की भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसायची. कारण तेव्हाचे अनेक मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवून चालायचे. तो ठरावीक फॉन्ट नसला की मराठीचा कचरा व्हायचा.

कॉम्प्युटर अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो. कुठल्या अक्षराला कुठला आकडा, हे सगळ्यांनी मिळून ठरवलं नाही तर घोळ अटळ. जगातल्या सगळ्या लिपींना वेगवेगळे आकडे देण्याचं काम 'युनिकोड'ने केलं. पण हे आकडे फाईलमध्ये लिहायचे कसे, हा पुढचा प्रश्न होता. सगळ्या अक्षरांना सारखीच मोठी जागा दिली, तर इंग्रजी फाईली विनाकारण फुगणार आणि जुने प्रोग्रॅम बंद पडणार.

सप्टेंबर १९९२ मध्ये यावर तोडगा निघाला. थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी रॉब पाइक न्यू जर्सीतल्या एका साध्या हॉटेलात रात्रीचं जेवायला बसले होते. तिथे ताटाखाली अंथरायच्या कागदावर थॉम्पसन यांनी नवी पद्धत मांडली. त्याच रात्री कोड लिहायला घेतला आणि आठवडा संपायच्या आत त्यांची 'प्लॅन ९' ही अख्खी सिस्टिम नव्या पद्धतीवर चालू लागली. या पद्धतीला 'यूटीएफ-८' म्हणतात.

ती समजून घ्यायला उसाची वाहतूक आठवा. पुढे ट्रॅक्टर, मागे ट्रॉल्या. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट म्हणजे ट्रॅक्टर. मागे किती ट्रॉल्या आहेत हे तो स्वतःच सांगतो. इंग्रजी अक्षराला ट्रॉली नाही, नुसता एक बाइट. देवनागरीला एक ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या, म्हणजे तीन बाइट. ट्रॉलीची खूण वेगळी असल्याने रस्त्यावर मध्येच कुठेही उभं राहिलं तरी समोरून जातंय ते इंजिन की ट्रॉली, हे लगेच कळतं. त्यामुळे मध्ये एखादा बाइट हरवला तरी एखादंच अक्षर बिघडतं, पुढचा मजकूर वाचता येतो. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हं आहेत, म्हणून तो पंधरा बाइटमध्ये साठतो.

आज इंटरनेटवरची जवळपास सगळी पानं यूटीएफ-८ मध्येच असतात. गावाकडून पाठवलेला मराठी मेसेज पुण्यात, दुबईत किंवा अमेरिकेत जसाच्या तसा उघडतो, तो ठरावीक फॉन्टवर अडत नाही, ते युनिकोड आणि ही पद्धत यांच्यामुळे.

बुद्धिबळाचा नाद

थॉम्पसन यांची दुसरी आवड बुद्धिबळ. बेल लॅब्समधले सहकारी जो काँडन यांच्याबरोबर त्यांनी 'बेल' नावाचं खास बुद्धिबळाचं यंत्र बनवलं. ते सेकंदाला सुमारे १ लाख ६० हजार स्थिती तपासायचं. १९८० मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझ इथे झालेली कॉम्प्युटर बुद्धिबळाची जागतिक स्पर्धा त्याने जिंकली. १९८३ मध्ये मास्टर दर्जा मिळवणारं ते पहिलं यंत्र ठरलं. त्याआधी १९८२ मध्ये सोव्हिएत संघातल्या स्पर्धेला नेताना अमेरिकी सरकारने ते विमानतळावरच अडवून ठेवलं होतं. शत्रुराष्ट्राकडे तंत्रज्ञान जाईल ही भीती. शीतयुद्धाचा काळ होता तो.

डावाच्या अखेरीस पटावर मोजकीच मोहरी उरतात. अशा सगळ्या स्थितींचं अचूक उत्तर त्यांनी कॉम्प्युटरकडून काढून घेतलं. राजा-वजीर विरुद्ध राजा-हत्ती हा डाव वजीरवाल्याने सहज जिंकावा, असं जाणकार मानायचे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन यांनी वजीर घेऊन यंत्राविरुद्ध पैज लावली. पहिल्या प्रयत्नात पन्नास चालींच्या मर्यादेत त्यांना जिंकता आलं नाही. अभ्यास करून आले, तेव्हा बरोबर पन्नासाव्या चालीला साधलं.

या नादाची आणखी एक आठवण २०१९ मध्ये निघाली. युनिक्सच्या जुन्या फाईलींत त्या काळातल्या प्रोग्रॅमरांचे पासवर्ड गुप्त स्वरूपात राहिले होते. पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता त्याचं उलगडता न येणारं रूप साठवायचं, यावर थॉम्पसन आणि रॉबर्ट मॉरिस यांनी १९७९ मध्ये महत्त्वाचा लेख लिहिला होता. बाकीच्यांचे पासवर्ड हौशी लोकांनी शोधून काढले, थॉम्पसन यांचा मात्र दाद देईना. शेवटी आजच्या शक्तिशाली यंत्रावर चार दिवसांहून जास्त वेळ लावून तो उलगडला. निघाली बुद्धिबळाची चाल! वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे. उलगडणाऱ्याचं थॉम्पसन यांनी एका शब्दात अभिनंदन केलं.

'विश्वास कुणावर ठेवायचा?'

थॉम्पसन आणि रिची यांना १९८३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. कॉम्प्युटर क्षेत्रात याला नोबेलसारखा मान आहे. त्या निमित्ताने केलेलं आणि १९८४ मध्ये छापून आलेलं थॉम्पसन यांचं भाषण आजही सायबर सुरक्षेच्या वर्गात शिकवतात.

त्यांचा मुद्दा साध्या भाषेत असा. आपण लिहिलेला प्रोग्रॅम म्हणजे गहू आणि त्याचं यंत्राच्या भाषेत पीठ करणारा 'कंपायलर' म्हणजे गिरणी. गहू निवडून, पाखडून दिला, पण गिरणीतच कुणी काही मिसळत असेल तर? मग गिरणी उघडून तपासू म्हटलं, तर ती गिरणीही आधीच्या दुसऱ्या गिरणीने घडवलेली. तिथेच खोट असेल तर नव्या गिरणीच्या नकाशात काही दिसणार नाही, आणि तरी पिठात भेसळ होत राहील. असं करता येतं हे त्यांनी पायरीपायरीने दाखवलं. निष्कर्ष स्पष्ट होता. जे तुम्ही स्वतः पूर्णपणे तयार केलं नाही, त्या कोडवर डोळे झाकून भरवसा ठेवता येत नाही. शेवटी प्रश्न प्रोग्रॅमचा कमी आणि तो बनवणाऱ्या माणसांवरच्या विश्वासाचा जास्त असतो.

गावाकडे या गोष्टीची झळ रोज बसते आहे. सरकारी योजनेच्या नावाने, वाहनाच्या दंडाच्या नावाने, लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर 'एपीके' फाईल येते. ती उघडली की खातं रिकामं होतं. फाईलवर नाव काय लिहिलंय यावरून आत काय आहे हे कळत नाही. ती कुणी बनवली आणि कुठून आली, हे विचारणं हाच पहिला बचाव. ओळखीच्याच्या नंबरवरून आली तरी विचारायचं, कारण त्याचाही मोबाईल आधीच ताब्यात गेलेला असू शकतो.

निवृत्तीनंतरही काम सुरूच

२००० मध्ये थॉम्पसन बेल लॅब्समधून निवृत्त झाले. पण कॉम्प्युटर सुटला नाही. काही वर्षं एका छोट्या कंपनीत काम केलं आणि २००६ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, ते गूगलमध्ये गेले. तिथे नियम असा होता की एखाद्या भाषेची चाचणी दिल्याशिवाय त्या भाषेतला कोड जमा करता येत नाही. 'सी'चं मूळ ज्या 'बी'त, ती 'बी' बनवणाऱ्या थॉम्पसन यांनी ती चाचणी दिलेलीच नव्हती. हा किस्सा त्यांनीच एका मुलाखतीत सांगितला आहे.

२००७ मध्ये रॉब पाइक आणि रॉबर्ट ग्रिसमर यांच्यासोबत त्यांनी 'गो' या नव्या भाषेची आखणी सुरू केली. नोव्हेंबर २००९ मध्ये ती सगळ्यांसाठी मोफत खुली झाली. इंटरनेटवरच्या मोठ्या सेवांच्या मागची अनेक सॉफ्टवेअर आज 'गो'मध्ये लिहिली जातात. पहिल्यांदा युनिक्स बसवलं तेव्हा २६ वर्षांचे असलेले थॉम्पसन 'गो' बाहेर आली तेव्हा ६६ वर्षांचे होते.

मार्च २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथे लिनक्सप्रेमींच्या परिषदेत ते समारोपाच्या भाषणाला उभे राहिले. वय ८०. लोकांना वाटलं, युनिक्सच्या आठवणी सांगतील. ते बोलले मात्र घरी स्वतः बनवलेल्या ज्यूकबॉक्सबद्दल. जुनी गाणी जमवायची, नीट लावायची, हवं ते गाणं शोधून वाजवायचं आणि त्याला आपोआप वाजणारा पियानोही जोडायचा. लहानपणापासून जमवत आणलेली आवड आणि हातातलं कसब, दोन्ही त्यात आलं. त्याच कार्यक्रमात कुठली सिस्टिम वापरता असं विचारल्यावर, आपण छोट्याशा रास्पबेरी पाय यंत्रासाठीच्या लिनक्सकडे वळल्याचं त्यांनी सांगितलं.

गावाकडच्या पोरांनी यातून काय घ्यायचं?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. थॉम्पसन यांना बेल लॅब्ससारखी जागा मिळाली, जिथे वर्षानुवर्षं कुणी हिशेब न मागता काम करू दिलं. अशी जागा आज जगात कुठेच सहज मिळत नाही. तालुक्याच्या गावात शिकणाऱ्या पोराला फी, घरचं कर्ज, पुण्यातलं खोलीभाडं आणि पहिली नोकरी यांचा आधी विचार करावा लागतो. नुसती आवड पुरते असं म्हणणं सोपं आहे, खरं नाही.

पण दुसरी बाजूही आहे. केवळ पॅकेजकडे पाहून या क्षेत्रात आलेल्याला दर पाच वर्षांनी सगळं नव्याने शिकावं लागतं आणि आवड नसेल तर ते ओझं होतं. थॉम्पसन यांच्या काळात खोलीभर यंत्र होतं, मग टेबलावर आलं, मग खिशात गेलं. भाषा बदलल्या, कंपन्या बुडाल्या. टिकून राहिलं ते यंत्र आत कसं चालतं हे समजून घेण्याचं वेड. आज एआय कोड लिहून देतो. तो कोड बरोबर आहे का, त्यात खोट आहे का, हे ओळखायला पुन्हा हेच समजून घेणं लागतं. त्यांचं १९८४ मधलं भाषण नेमकं इथेच लागू पडतं.

सुरुवातीला महागडं यंत्र लागत नाही. जुन्या, हळू झालेल्या लॅपटॉपवर लिनक्स मोफत बसवता येतं आणि तो पुन्हा बरा चालतो. 'सी' आणि 'गो' या भाषांची साधनं फुकट आहेत. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स, 'सी' अशा विषयांचे छोटे धडे आहेत, आणि अनेक धडे मराठीतही ऐकता येतात. एमएस-सीआयटी झाल्यावर पुढे काय, असं विचारणाऱ्यांसाठी ही बरी वाट आहे.

पहिला प्रोग्रॅम कुठला लिहायचा, हा प्रश्न उरतो. थॉम्पसन यांनी आधी एक खेळ लिहिला, युनिक्स त्याच्या मागून आलं. आपल्या गल्लीतल्या दूध केंद्राचा हिशेब, बचत गटाची हप्त्यांची वही, कबड्डी स्पर्धेचं गुणपत्रक, नाहीतर विहिरीच्या मोटरचं वेळापत्रक, यांपैकी जे स्वतःला रोज लागतं ते घ्यावं. चुकलं तर आपल्यालाच कळतं आणि दुरुस्त करेपर्यंत चैन पडत नाही. आईवडिलांनीही पोरगं कॉम्प्युटरसमोर बसलं की लगेच 'खेळतंय' असं समजू नये. एकदा शेजारी बसून विचारावं, काय करतोयस? ते जर काही बनवत असेल, तर थोडा वेळ बनवू द्यावं.